रानपक्षी आणि माणसाचे आजार : संशय किती, पुरावा किती

१९५७ च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर या रानात माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ रानात लाकूडफाटा आणि गुरांमागे जाणारे गावकरी तापाने फणफणले. तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, काहींना रक्तस्राव आणि काहींचा मृत्यू. माकडांच्या मृत्यूमुळे प्रथम पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील संशोधकांनी तपास केला, तेव्हा हा विषाणू अगदीच नवा निघाला. त्याचे जवळचे भाऊबंद मात्र हजारो मैलांवर, सायबेरियात आणि रशियाच्या अरण्यांत ठाऊक होते. मग हा पाहुणा सह्याद्रीच्या कुशीत आला कसा? उत्तरेकडून दर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांकडे बोट दाखविले गेले.

आज आपण ज्याला 'माकडताप' म्हणतो, तो हाच रोग. सत्तरी, दोडामार्ग आणि खानापूर या भागांतील वाचकांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पक्ष्यांवरील त्या जुन्या संशयाचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. रानपक्षी माणसापर्यंत रोग खरोखरच आणतात का, आणत असतील तर कोणते आणि कोणत्या वाटेने, याचा विचार त्या कहाणीपासूनच सुरू करणे सोयीचे आहे.

पायात कडे घातलेले साक्षीदार

संशयाची शहानिशा करावयाची तर कोणता पक्षी कुठून येतो आणि कुठे जातो, हे आधी कळावयास हवे होते. भारतात तेव्हा ही माहिती तुटपुंजी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ मध्ये पक्षिस्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. त्याचे नेतृत्व डॉ. सालिम अली यांच्याकडे होते. कच्छ, भरतपूर आदी ठिकाणी पक्षी जाळ्यात धरून त्यांच्या पायात क्रमांकाचे हलके कडे घालावयाचे, अंगावरील गोचिडी वेचावयाच्या, रक्ताचे नमुने घ्यावयाचे आणि पक्षी सोडून द्यावयाचे, अशी कामाची पद्धत होती. भरतपूरला कडे घातलेली बदके पुढे मध्य आशियात आणि सायबेरियात सापडली, तेव्हा दोन प्रदेशांना जोडणारी वाट नकाशावर उमटली.

पुढील काळात या कामाला अमेरिकी लष्कराशी संलग्न संस्थेचे साहाय्य मिळाले. त्यावरून सत्तरच्या दशकात मोठा वाद उठला आणि संसदेच्या लोकलेखा समितीनेही त्याची दखल घेतली. पक्षी रोग पसरवू शकतात, तर त्यांचा शस्त्र म्हणून वापर होईल काय, ही त्या वादामागील भीती होती. या कामातून पक्षिशास्त्राला अमोल माहिती मिळाली. मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. पक्ष्यांच्या अंगावर गोचिडी सापडल्या, पण माकडतापाचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांनीच उत्तरेकडून आणला, असा पुरावा मिळाला नाही.

माकडतापाचे खरे चक्र आता बरेचसे उलगडले आहे. हिमाफायसालिस स्पिनिजेरा या जातीची गोचीड विषाणूची प्रमुख वाहक आहे. तिची पिल्ले रानातील उंदीर, घुशी, माकडे आणि जमिनीवर चरणारे पक्षी यांचे रक्त पितात. रानकोंबडीसारख्या पक्ष्यांचा त्यात समावेश होतो. मोठी झालेली गोचीड गुरांच्या व इतर मोठ्या जनावरांच्या अंगावर वाढते. वानर आणि माकड या विषाणूने आजारी पडून मरतात व त्यांच्या अंगावरील गोचिडी त्या जागी विखुरतात. तिथे पाऊल ठेवणाऱ्या माणसाला प्रामुख्याने गोचिडीचे अर्धवट वाढलेले पिल्लू चावते. रोगाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असा असतो. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही.

या चक्रात पक्ष्याची भूमिका दुय्यम आहे. तो गोचिडीला अन्न पुरवतो आणि काही अंतर वाहून नेतो. रानात गुरे सोडणे, जंगल तोडून शेती व बागायती वाढविणे आणि त्यामुळे माणूस, गुरे व रान यांची सरमिसळ होणे, ही कारणे अधिक वजनाची आहेत. २०१२ नंतर हा रोग बंडीपूर, निलगिरी आणि वायनाड येथे दिसला. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात प्रकटला. काजूच्या हंगामात बागायतीत राबणाऱ्यांना त्याची झळ विशेष बसली. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम एकच आहे, हे यामागील साधे कारण होय.

तीन वाटा

पक्ष्यांकडून माणसाकडे येणाऱ्या रोगांच्या मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली वाट रक्तपिपासू कीटकांची. डास किंवा गोचीड पक्ष्याचे रक्त पिते आणि पुढे माणसाला चावते. दुसरी वाट थेट संसर्गाची. आजारी किंवा मेलेला पक्षी हाताळणे, त्याची विष्ठा वा स्राव डोळ्या-नाकापर्यंत पोहोचणे, वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाणे, हे तिचे प्रकार. तिसरी वाट आडवळणाची आहे. रानपक्ष्याकडून विषाणू कोंबड्या-बदकांत शिरतो, तिथे वाढतो, बदलतो आणि मग माणसाला गाठतो.

यांतील भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. एखाद्या विषाणूचा मूळ आश्रय पक्ष्यांत असणे वेगळे आणि त्या पक्ष्यामुळे माणूस आजारी पडणे वेगळे. अनेकदा दोहोंच्या मध्ये एखादा डास, एखादे डुक्कर किंवा कोंबड्यांचा खुराडा उभा असतो, आणि रोग रोखावयाचा असेल तर हात तिथेच घालावा लागतो.

बगळा, डुक्कर आणि भातशेती

जपानी मेंदूज्वर हे पहिल्या वाटेचे ठळक उदाहरण. भारतात १९५५ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे या रोगाचे रुग्ण प्रथम ओळखले गेले. या विषाणूचा मूळ आश्रय पाणथळीच्या बगळेवर्गीय पक्ष्यांत आहे. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यातील अभ्यासांत ढोकरी आणि गायबगळा यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. बगळा स्वतः आजारी पडत नाही. काही दिवस त्याच्या रक्तात विषाणू फिरतो आणि तेवढ्या अवधीत क्युलेक्स जातीचे डास तो उचलतात. हे डास साचलेल्या पाण्यात, विशेषतः भातखाचरांत वाढतात.

बगळ्यापेक्षाही महत्त्वाचे पात्र डुक्कर आहे. त्याच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो, म्हणून त्याला वर्धक यजमान म्हणतात. डुकराला पिल्ले वारंवार होतात आणि ज्यांनी हा विषाणू पूर्वी पाहिलेला नाही अशा कोवळ्या जिवांचा पुरवठा चालू राहतो. गुरांमध्ये मात्र विषाणू फारसा वाढत नाही. माणूस तर या साखळीचा शेवटचा दुवा. त्याच्या रक्तातील विषाणू इतका कमी असतो की त्याला चावलेला डास रोग पुढे नेऊ शकत नाही.

संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. सुमारे २५० जणांत एकाला मेंदूचा गंभीर दाह होतो. पण ज्यांना तो होतो त्यांतील ३० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावू शकतात आणि वाचलेल्यांतील अनेकांना कायमचे अपंगत्व येते. बळी प्रामुख्याने मुलांचा जातो. गोव्यात या रोगाची नोंद ऐंशीच्या दशकापासून आहे. सरद आणि वायंगण अशी दोन्ही पिके घेणारी शेते, गावठाणातील डुकरे आणि खाजनांत उतरणारे बगळ्यांचे थवे हे सारे येथे एकत्र नांदते. म्हणूनच या रोगावर लस हा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. रोगप्रवण जिल्ह्यांत नवव्या महिन्यानंतर पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा सरकारी लसीकरणात दिली जाते. पालकांनी ती चुकवू नये.

याच कुळातील दुसरा विषाणू म्हणजे वेस्ट नाईल. १९३७ मध्ये युगांडाच्या वेस्ट नाईल भागात तो प्रथम सापडला. भारताशी त्याचे नाते जुने आहे. १९५२ मध्येच मुंबईतील रहिवाशांच्या रक्तात त्याच्या प्रतिद्रव्यांची नोंद झाली होती. १९९९ मध्ये न्यूयॉर्क शहरात माणसे आजारी पडली, त्याच सुमारास तेथील कावळे पटापट मरत होते आणि ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील पक्षीही दगावले. दोन्ही घटनांचा धागा एकच आहे, हे कळावयास काही आठवडे लागले. पक्ष्यांचा मृत्यू हा माणसासाठी आगाऊ इशारा असतो, हा धडा जगाला तेव्हा मिळाला. केरळात या रोगाचे रुग्ण अधूनमधून आढळतात आणि २०१९ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात त्याने एका बालकाचा बळी घेतला. यातही डास हाच मध्यस्थ आहे आणि सुमारे ८० टक्के संसर्ग लक्षणांविना जातात.

बर्ड फ्लू : दोषी कोण?

पक्ष्यांचे नाव थेट रोगालाच चिकटले, ते बर्ड फ्लूमुळे. इन्फ्लुएन्झाच्या 'अ' गटातील बहुतेक सर्व विषाणूंचे मूळ घर रानबदके, हंस, कुरव आणि किनाऱ्यावरील पाणपक्षी यांच्या आतड्यांत आहे. तिथे ते सहसा निरुपद्रवी असतात. विष्ठेवाटे पाण्यात पडतात, दुसरा पक्षी ते पाणी पितो आणि चक्र चालू राहते. हेच विषाणू दाटीवाटीने कोंडलेल्या कोंबड्यांत शिरले की, एका खुराड्यातून दुसऱ्यात जाता जाता त्यांतील काहींचे रूप पालटते व ते घातक बनतात. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक फ्लू साथींच्या विषाणूंत पक्ष्यांकडून आलेली जनुके होती. क्यासनूरचा ताप ज्या वर्षी उजेडात आला, त्याच वर्षी पक्ष्यांशी असे नाते असलेला दुसरा आजारही जगभर फिरत होता.

आजच्या एच५एन१ विषाणूचा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील पाळीव हंसात सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये त्याने १८ जणांना गाठले आणि ६ जणांचा जीव घेतला. २००५ मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर पट्टकादंब व इतर रानपक्षी हजारोंच्या संख्येने मेले, तेव्हा चित्र बदलले. पाळीव पक्ष्यांत घातक झालेला विषाणू आता रानात परतला होता आणि पंखांवर बसून दूर जाऊ शकत होता. पुढच्याच वर्षी, २००६ च्या फेब्रुवारीत, भारतातील पहिली साथ महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळली. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. माणसांत मात्र तेव्हा एकही बाधित सिद्ध झाला नाही.

२०२० च्या डिसेंबरअखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या परिसरात कावळे मरून पडलेले दिसले आणि भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या तपासणीत एच५एन८ विषाणू निष्पन्न झाला. २०२१ च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर एच५एन१ मुळे हजारो पट्टकादंब दगावले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये हरियाणातील एका मुलाचा दिल्लीत एच५एन१ ने मृत्यू झाला. भारतातील माणसाच्या अशा मृत्यूची ती पहिली नोंद होती. पुढील काही वर्षांत या विषाणूची एक नवी शाखा रानपक्ष्यांवाटे युरोप, अमेरिका आणि थेट अंटार्क्टिकाच्या परिसरापर्यंत पोहोचली. २०२४ च्या मार्चमध्ये ती अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये सापडली. २०२५ च्या आरंभी नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूचे बळी ठरल्याचे उघड झाले.

या यादीने धास्ती वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडावयास हवी. २००३ पासून जगभरात एच५एन१ च्या मानवी रुग्णांची नोंद नऊशेच्या वर आहे आणि त्यांतील जवळपास निम्मे दगावले. आजार झाला तर गंभीर, पण होण्याची शक्यता अल्प, असा याचा अर्थ. कारण पक्ष्यांचा विषाणू ज्या शर्करा-कडीला पकडून पेशीत शिरतो, ती कडी माणसाच्या नाका-घशात क्वचित आणि फुप्फुसांच्या खोल भागात अधिक असते. म्हणून साध्या सहवासाने तो सहजी लागत नाही आणि माणसापासून माणसाकडे टिकून पसरत नाही. बहुसंख्य रुग्ण आजारी कोंबड्या हाताळणारे किंवा जिवंत पक्ष्यांच्या बाजाराशी संबंधित होते. आकाशातून उडणाऱ्या थव्याकडे पाहून कुणाला बर्ड फ्लू झालेला नाही.

स्थलांतरावरील दोषारोपही तपासून घ्यावयास हवा. गंभीर आजारी पक्षी दूर उडू शकत नाही. पण काही बदके लक्षणे न दाखवता विषाणू बाळगतात, त्यामुळे लांबचा प्रवास अशक्य नाही. त्याच वेळी कोंबड्या, पिल्ले, अंडी, पिंजरे, खत आणि वाहने यांची राज्याराज्यांतील ये-जाही विषाणूला तितकीच किंवा अधिक मदत करते. साथ पक्ष्यांच्या उड्डाणमार्गाने सरकली की महामार्गाने, हे प्रत्येक वेळी तपासून ठरवावे लागते.

विष्ठा आणि धूळ

तिसऱ्या प्रकारचे आजार शहरी माणसाच्या अधिक जवळचे आहेत. क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूमुळे होणाऱ्या पोपटज्वराचा पहिला मोठा धक्का १९२९-३० मध्ये बसला. दक्षिण अमेरिकेतून आयात झालेल्या पोपटांबरोबर तो अनेक देशांत पसरला. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासात गेल्याने न्यूमोनियासारखा आजार होतो. वेळीच ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. डॉक्टरांना घरात पक्षी असल्याचे सांगणे म्हणूनच गरजेचे असते. आपल्याकडील रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्धच आहे. या कायद्याचे पालन केल्यास पक्ष्याचे आणि घरातील माणसांचे, दोहोंचेही भले होते.

पारव्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाची बुरशी वाढते. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना तिच्यामुळे मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. याशिवाय पिसे आणि विष्ठेच्या धुळीची सवय झालेल्या काहींच्या फुप्फुसांना वावडे निर्माण होते. हा संसर्ग नव्हे, पण दुर्लक्ष केल्यास फुप्फुसे कायमची जायबंदी होतात. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच चिंता होती. मुद्दा पारव्याच्या अस्तित्वाचा नसून, दाणे टाकून एका जागी त्याची अनैसर्गिक गर्दी करण्याचा आहे.

काय करावे, काय टाळावे

उत्तर ध्रुवीय प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग सुमारे तीस देशांवरून जातो. आपली करमळीची तळी, चोडणचे अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेले कुडचडेजवळचे नंदा तळे, ही या मार्गावरील विश्रांतिस्थाने. हिवाळ्यात तिथे तलवार बदके आणि थापटे उतरतात, स्थानिक अडई बदके तर असतातच. रोगाच्या भीतीने त्यांना हुसकावणे किंवा मारणे उलटेच ठरते. हुसकावलेला थवा फुटतो, विखुरतो आणि असलाच संसर्ग तर तो अधिक ठिकाणी नेतो. आंतरराष्ट्रीय आरोग्य व पशुवैद्यक संस्था म्हणूनच रानपक्षी मारण्याचा सल्ला देत नाहीत. पाणथळी बुजविण्यानेही तोच परिणाम होतो. उरलेल्या तळ्यांत पक्ष्यांची दाटी होते आणि रानबदके भातखाचरांतील पाळीव बदकांच्या सान्निध्यात येतात.

सर्वसामान्यांसाठी नियम थोडे आणि सोपे आहेत. मेलेला किंवा लुळा पडलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. एकाच ठिकाणी अनेक कावळे, बदके वा बगळे मेलेले दिसले तर पशुसंवर्धन खात्यास अथवा वनखात्यास तत्काळ कळवावे. रानात मेलेले माकड दिसल्यास तिथे थांबू नये, ही माहितीही वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला द्यावी. काजूच्या हंगामात बागायतीत जाताना पूर्ण अंग झाकणारे कपडे घालावेत, गोचीडरोधक तेल लावावे, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग तपासावे. ताप आल्यास आपण रानात गेलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कोंबड्या-बदके पाळणाऱ्यांनी त्यांचे खाद्य व पाणी रानपक्ष्यांच्या तोंडी लागणार नाही, असे ठेवावे. मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खाल्ल्यास बर्ड फ्लूचा धोका राहत नाही. ७० अंश सेल्सिअस तापमानाला हा विषाणू नष्ट होतो. पारव्यांची साचलेली विष्ठा झाडताना ती आधी पाण्याने भिजवावी आणि नाकातोंडावर मास्क लावावा.

शासनाच्या बाजूने पाहता, माणसांचे डॉक्टर, पशुवैद्य आणि वनाधिकारी यांनी एकमेकांशी वेळेत बोलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. न्यूयॉर्कमध्ये कावळ्यांचे मृत्यू आणि माणसांचे आजार वेगवेगळ्या टेबलांवर पडून राहिले, म्हणून उशीर झाला. इंदूरमध्ये कावळ्यांचे नमुने त्वरेने भोपाळला गेले, म्हणून कारण लवकर कळले. करमळीच्या तळ्याकाठी मेलेल्या बदकाची किंवा सत्तरीच्या रानात मेलेल्या माकडाची बातमी ज्या दिवशी कुणी पाहील, त्याच दिवशी ती प्रयोगशाळेपर्यंत पोहोचावी. पक्षी तळ्यावर राहतील, माणसे शेतात आणि बागायतीत राबतील, आणि दोघांच्या मधल्या डासाकडे, गोचिडीकडे व खुराड्याकडे आपले लक्ष राहील, तर या आजारांपैकी बहुतेकांना आपल्या दारात पाऊल टाकणे कठीण जाईल.